गर्भस्थ जीवाची दया आणि मातेची निंदा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन होते, तेव्हा भगवान महावीरांच्या गर्भावस्थेचा प्रसंग आपण सर्वजण दरवर्षी ऐकतो. आपल्या हालचालींनी मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. गर्भ हालत नाही असे पाहून त्रिशलामाता शोकाकुल झाली. तो शोक जाणून त्यांनी किंचित हालचाल केली, आणि माता-पिता हयात आहेत तोवर दीक्षा घ्यावयाची नाही असा संकल्प त्याच अवस्थेत केला. त्यानंतर मातेने गर्भाच्या हितासाठी आहार कसा सांभाळला, अति उष्ण, अति शीत, अति तिखट, अति कडू असे सारे कसे वर्ज्य केले, त्याचेही वर्णन तेथे येते. मातेने जे ग्रहण केले ते गर्भापर्यंत पोहोचते, ही जाणीव आपल्या परंपरेला इतकी जुनी आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाला मात्र एका पदार्थाच्या बाबतीत ही गोष्ट मान्य करावयास विसाव्या शतकाचे अखेरचे चरण उजाडावे लागले. तो पदार्थ म्हणजे मद्य. गर्भवतीने मद्य घेतल्यास अपत्याला जे आजन्म विकार जडू शकतात, त्या सर्वांना मिळून आज ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, संक्षेपाने एफ.ए.एस.डी., असे नाव आहे. या विकाराला प्रतिबंध करणाऱ्या आणि तो घेऊन जन्मलेल्यांना आधार देणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, शिक्षक व समाजसेविका यांच्या कार्याचा परिचय करून देणे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. “आपल्या घरात मद्याचा थेंब नाही, मग हा विषय आपल्याला कशाला?” असा प्रश्न येथे बसलेल्या अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचा विचार पुढे ओघाने येईलच.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. मातेच्या रक्तातील मद्यार्क वारेतून सहज पार होऊन गर्भाच्या रक्तात उतरतो. तो पचविण्याची शक्ती गर्भाच्या अपक्व यकृतात जवळजवळ नसते. हृदय, हातपाय, चेहरा हे अवयव घडण्याचे आठवडे ठरलेले असतात. मेंदू मात्र पूर्ण नऊ महिने घडत असतो. म्हणून अमुक महिन्यानंतर धोका नाही असे म्हणता येत नाही, आणि इतके घेतले तर चालते असे सुरक्षित प्रमाणही वैद्यकाला सापडलेले नाही. काही मुलांच्या चेहऱ्यावर खुणा उमटतात : डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांमधील पन्हळ सपाट. परंतु बहुसंख्य मुलांचा चेहरा इतर मुलांसारखाच असतो. दोष असतो तो मेंदूत, आणि मेंदू बाहेरून दिसत नाही. या कार्यातील सगळी अडचण येथूनच सुरू होते.

फ्रान्समधील नान्त या शहरी पॉल लेमोआन नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. मद्यासक्त आईबापांच्या १२७ मुलांचे निरीक्षण करून त्यांनी १९६८ साली एक लेख प्रसिद्ध केला. तो फ्रेंच भाषेत, एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात आला आणि बाहेर कोणी त्याची दखल घेतली नाही. त्याच सुमारास अमेरिकेतील सिॲटल येथे क्रिस्टी उलेलँड ही तरुण डॉक्टर बालरोगाचे उच्च प्रशिक्षण घेत होती. काही बाळांचे वजन काही केल्या वाढत नाही, याचे कारण ती शोधत होती. त्यांच्या मातांची माहिती काढता काढता तिच्या ध्यानी आले की अशा कित्येक बाळांच्या माता मद्याच्या आहारी गेलेल्या आहेत. ही गोष्ट तिने वरिष्ठांच्या कानावर घातली. जन्मजात विकृतींचे जाणकार डेव्हिड स्मिथ आणि त्यांचे तरुण सहकारी केनेथ जोन्स यांनी ती मुले तपासली. भिन्न भिन्न वंशांची मुले, परस्परांशी नाते नाही, आणि चेहरे पाहावेत तर एकाच घरातील भावंडे वाटावीत! १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आठ मुलांविषयीचा त्यांचा लेख आला आणि त्याच वर्षी या विकाराला प्रथम नाव मिळाले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी मुदतीपूर्वी सुरू झालेल्या कळा थांबविण्यासाठी गर्भवतीला शिरेतून मद्यार्क देण्याचा उपचार अमेरिकेतील मोठमोठ्या रुग्णालयांत रूढ होता. जे औषध म्हणून आपण देतो तेच विष आहे, हे डॉक्टरांच्या गळी उतरणे सोपे नव्हते. एका शिकाऊ डॉक्टरच्या चौकसपणाचे मोल यावरून कळावे. पुढे १९८१ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी गर्भवतींनी मद्य घेऊ नये असा सल्ला प्रसृत केला, आणि १९८८ च्या कायद्याने तेथील प्रत्येक बाटलीवर तशी सूचना छापणे सक्तीचे झाले.

नाव मिळाले म्हणजे काम झाले असे नव्हे. ॲन स्ट्रीसगुथ या मानसशास्त्रज्ञ विदुषी पहिल्या लेखापासून या कामात होत्या. त्यांनी या मुलांचा पिच्छा पुरवला, तोही वर्षानुवर्षे. ही मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. १९९६ मध्ये त्यांनी ४१५ व्यक्तींचा अहवाल मांडला. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना मानसिक आजारांनी गाठले होते. बारा वर्षांवरील सुमारे साठ टक्क्यांची शाळा विस्कळीत झाली होती आणि जवळपास तितकेच जण कधी ना कधी कायद्याच्या कचाट्यात सापडले होते. बहुतेकांचा बुद्ध्यंक सत्तरच्या वर होता, म्हणजे सरकारी व्याख्येनुसार ते मतिमंद नव्हते आणि म्हणून मदतीस पात्र ठरत नव्हते. मूल बोलके असते, हसरे असते, पण काल शिकविलेले आज विसरते. पैशांचा आणि वेळेचा हिशेब त्याला जमत नाही. केलेल्या कृत्याचा परिणाम काय होईल हे त्याला आधी दिसत नाही, आणि शिक्षा झाली तरी ती कशाची हे कळत नाही. शिक्षक म्हणतात, आळशी आहे. शेजारी म्हणतात, वाया गेलेले आहे. आईबाप मारतात.

याच अहवालात एक आशेचा भागही आहे. ज्या मुलांचे निदान सहा वर्षांच्या आत झाले, ज्यांना स्थिर आणि मायेचे घर मिळाले, ज्यांना मारहाण सोसावी लागली नाही, त्यांची पुढील आयुष्यातील पडझड पुष्कळ कमी होती. मेंदूची हानी कोणालाच भरून काढता आली नव्हती. फरक पडला तो भोवतालच्या माणसांमुळे.

हे ध्यानी आल्यावर या क्षेत्रातील मंडळींच्या कामाची दिशा बदलली. निदानासाठी सिॲटललाच १९९३ मध्ये एक स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले. तेथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि समाजसेविका अशी सगळी मंडळी एकाच वेळी एका मुलाला पाहतात. सुसान ॲस्टली व स्टर्लिंग क्लॅरेन यांनी १९९७ मध्ये निदानाची चार अंकांची पद्धत तयार केली : शरीराची वाढ, चेहरा, मेंदू आणि गर्भावस्थेत मद्याशी आलेला संबंध, या चारही गोष्टींना एक ते चार असा अंक द्यावयाचा. आपल्या व्यापारी समाजाला ही पद्धत चटकन उमगेल. चार खाती वेगवेगळी लिहावयाची, आणि एका खात्यातील नोंद नाही म्हणून दुसऱ्या खात्यात अंदाजाने रक्कम मांडावयाची नाही.

क्लॅरेन यांनी ‘बाह्य मेंदू’ अशी एक कल्पना मांडली. अंध माणसाला काठी द्यावी तसे या मुलांसाठी विचार करून देणारे दुसरे माणूस सदैव जवळ हवे. ओरेगॉन राज्यातील डायन माल्बिन या समाजसेविकेने शिक्षकांना आणि पालकांना हेच वेगळ्या रीतीने शिकविले. हे मूल ऐकत नाही असे समजू नका. त्याला ते करता येत नाही असे समजा. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, अधिक जोराने सांगण्याऐवजी सांगण्याची रीत बदला. एका वेळी एकच सूचना द्या. दिनक्रम चित्रे काढून भिंतीवर लावा. वर्गातील गोंगाट आणि झगमगाट कमी करा. शिक्षेऐवजी सोबत द्या. ऐकायला हे साधे वाटते, परंतु वीस वर्षे रोज सकाळी न चिडता तीच चपलेची जागा दाखविणे म्हणजे काय, हे अशा मुलाच्या आईलाच ठाऊक. आपल्याकडे सामायिकाचे अठ्ठेचाळीस मिनिटे समताभाव टिकत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हरकत नसावी.

आता प्रतिबंधाकडे वळू. मद्य पिऊ नका असे फलक लावून जी स्त्री सहज थांबू शकते ती थांबते. प्रश्न उरतो तो थांबू न शकणाऱ्या स्त्रीचा. तिच्या मागे बहुधा नवऱ्याची मारहाण असते, बालपणीचे अत्याचार असतात, दारिद्र्य असते. पुष्कळदा घरात पिणारा पुरुष असतो आणि ग्लास तोच पुढे करतो. अशा स्त्रीला एक मूल झाले, ते विकारग्रस्त निघाले, आणि तिचे व्यसन तसेच राहिले, तर पुढच्या मुलाला धोका अधिकच. म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये एक उपक्रम सुरू केला. थेरेस ग्रँट यांनी तो पुढे अनेक वर्षे चालविला. गर्भवती किंवा नुकत्याच प्रसूत झालेल्या व्यसनी मातेला एक सेविका जोडून द्यावयाची, ती पूर्ण तीन वर्षांसाठी. सेविका तिच्या घरी जाते, तिला दवाखान्यात घेऊन जाते, राहावयास जागा शोधते, न्यायालयात शेजारी बसते, व्यसनमुक्तीच्या उपचारात अडकलेली गाठ सोडविते. यांतील कित्येक सेविका स्वतः अशाच आयुष्यातून वर आलेल्या असतात. एका सेविकेकडे मोजकीच कुटुंबे असतात.

या उपक्रमाचा एक नियम विशेष आहे. माता पुन्हा पिऊ लागली तरी तिला उपक्रमातून काढून टाकले जात नाही. ती घर सोडून गेली तर सेविका तिला शोधत जाते. व्यवहारी माणसाला हा नियम खटकेल. बुडीत खात्यावर पुन्हा पुन्हा रक्कम टाकावी तसे वाटेल. पण तीन वर्षांनंतर यांतील पुष्कळ माता मद्यमुक्त झालेल्या, किंवा गर्भनिरोधनाचा खात्रीचा उपाय अवलंबिलेल्या आढळल्या. आणि दोहोंपैकी काहीही घडले तरी पुढील मूल या विकारापासून वाचते. उपक्रमाचा आदर्श पुढे कॅनडातही गेला.

याच्या उलट, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९९८ पासून व्यसनी गर्भवतीला ताब्यात घेण्याची तरतूद कायद्यात केली. तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा दंडात्मक मार्गांना विरोध नोंदविला आहे. कारण उघड आहे. पकडले जाण्याचे भय असलेली स्त्री दवाखान्याची पायरीच चढत नाही, आणि चढलीच तर खरे बोलत नाही. प्रशिक्षित परिचारिका गर्भवतीला “तुम्ही दारू तर पीत नाही ना?” असे कधी विचारीत नाही, कारण त्या प्रश्नात उत्तर आधीच घातलेले आहे. “गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वी आपण कधी मद्य घेत होता का, आणि कळल्यानंतर काय?” असे ती सहज स्वरात, प्रत्येकीला, रक्तदाब मोजता मोजता विचारते. नोंद करताना तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. हे कौशल्य शिकवावे लागते आणि त्याचे वर्ग चालतात.

डॉक्टर आणि सेविका कितीही निष्णात असोत, समाजानेच मनावर घेतल्याशिवाय काही कामे होत नाहीत. याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात पाहावयास मिळते. त्या देशाच्या वायव्येकडील किंबर्ली प्रदेशात फिट्झरॉय नदीचे खोरे आहे. मूळ रहिवाशांच्या लहान लहान वस्त्या तेथे विखुरलेल्या आहेत. मद्याने या वस्त्या पोखरल्या होत्या. आत्महत्या आणि अकाली मृत्यू यांनी घरे ओस पडत होती. २००७ साली तेथील स्त्रिया एकत्र आल्या. जून ऑस्कर आणि एमिली कार्टर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी घरी नेण्यासाठी होणारी कडक मद्याची विक्री थांबवावी अशी मागणी केली. विरोध झाला, तो त्यांच्याच काही आप्तांकडूनही झाला. तरीही निर्बंध आले, प्रथम सहा महिन्यांपुरते आणि पुढे कायम.

परंतु त्या स्त्रिया एवढ्यावर थांबल्या नाहीत. आपली मुले शाळेत का शिकत नाहीत, याचे उत्तर त्यांना हवे होते, आणि ते उत्तर आपल्यालाच लज्जित करील हे ठाऊक असूनही त्यांनी प्राध्यापिका एलिझाबेथ इलियट आदी बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून बोलावले. या पाहणीला त्यांनी ‘लिलिल्वान’, म्हणजे ‘सगळी लहानगी’, असे नाव दिले. २००२ व २००३ मध्ये जन्मलेल्या मुलांची तपासणी तज्ज्ञांच्या पथकाने त्या खोऱ्यातच जाऊन केली. तपासलेल्या १०८ मुलांपैकी २१ मुलांना हा विकार असल्याचे निष्पन्न झाले. दर पाचांत जवळजवळ एक! प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र योजना आखून ती पालक व शिक्षकांच्या हाती देण्यात आली. कोणत्याही मातेकडे बोट दाखवावयाचे नाही, ही अट त्या स्त्रियांनी आरंभीच घातली होती. या सर्व कार्याला त्यांनी ‘मारुलु’ असे म्हटले. त्यांच्या बुनुबा भाषेत त्याचा अर्थ ‘मोलाचे, जपावे असे’. गर्भारपणी मद्य घेणाऱ्या तेथील स्त्रियांचे प्रमाण पुढील काही वर्षांत निम्म्यावर आल्याची नोंद आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. मद्यत्याग हा आपला आचार आहे. सप्त व्यसनांत मद्य आहे. दिगंबर परंपरेत अष्ट मूलगुणांचा प्रारंभच मद्य, मांस, मधु यांच्या त्यागाने होतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात पंधरा वर्षांवरील स्त्रियांमध्ये मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण १.३ टक्के, तर पुरुषांमध्ये १८.८ टक्के होते. स्त्रियांचा आकडा लहान दिसतो, पण कोट्यवधी स्त्रियांच्या देशात त्याचा गुणाकार करून पाहावा. आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे-मुंबईस, बंगळुरास, अमेरिकेस जातात. विवाहसमारंभात मंडपाच्या मागील बाजूस काय चालते, हे येथील ज्येष्ठांना ठाऊक नाही असे नाही. फक्त तिकडे पाहावयाचे नाही असा संकेत आहे. एखादी सून किंवा कन्या या वाटेने गेली आणि तिला दिवस राहिले, तर ती कोणाजवळ बोलेल? ज्या घरात मद्याचे नावही उच्चारता येत नाही तेथे तिला खरे बोलण्याची सोय नाही, आणि ज्या डॉक्टरला तिच्या आडनावावरून उत्तर ठाऊक आहे असे वाटते तो तिला प्रश्नच विचारीत नाही. आपल्या अठरा पापस्थानकांत मृषावाद आहे तसा परपरिवादही आहे. परनिंदेच्या भयाने त्या मुलीकडून मृषावाद घडत असेल, तर हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागेल.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे यांत किण्वनाने आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते. कडक मद्यत्यागी घरांतूनही ही औषधे शक्तिवर्धक म्हणून बिनदिक्कत घेतली जातात. गर्भवतीने ती स्वतःच्या मनाने किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून मुळीच घेऊ नयेत, वैद्य व प्रसूतितज्ज्ञ यांना विचारूनच निर्णय घ्यावा. आपल्याकडील मद्याच्या बाटलीवर २०१८ च्या नियमांनुसार जी सूचना ठरविण्यात आली ती आरोग्यास हानी आणि वाहन चालविणे याविषयी आहे. गर्भाचा उल्लेख तीत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे २०२३ पासून तो सक्तीचा आहे.

वैद्यकीय साहाय्य हे आपल्यासारख्या ट्रस्टांचे जुने आणि आवडते कार्य आहे. आपल्या आरोग्य शिबिरांत सर्व जातिधर्मांच्या गर्भवती येतात. त्यांच्या तपासणीच्या कागदावर रक्तगट, वजन, हिमोग्लोबिन यांच्या रकान्यांखाली आणखी एक ओळ छापून घ्यावी : गर्भ राहण्यापूर्वी व नंतर मद्य, तंबाखू, मिश्री. प्रश्न प्रत्येकीला विचारावा, आपल्या समाजातील भगिनींनाही विचारावा. विचारणारी परिचारिका असावी, सोबत सासू किंवा पती नसावा, आणि तो कागद डॉक्टरांखेरीज कोणा विश्वस्ताच्याही हाती पडू नये. महिला मंडळातील दोन-तीन भगिनींनी पुढील शिबिरापूर्वी एखाद्या अनुभवी परिचारिकेकडून हा प्रश्न विचारण्याची रीत शिकून घ्यावी, आणि ज्यांचे उत्तर ‘हो’ येईल त्यांना कोणत्या दवाखान्यात, कोणाकडे न्यावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. छपाईचा खर्च नगण्य आहे. विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेत हा विषय घेता येईल.